हार्कबींची पाहुणी

१

आमचं आडनाव हार्कबी. अख्ख्या इंग्लंडात ते लावणारी माणसं आता एकोणीस उरली आहेत. गावातल्या एका लहान सभागृहात आम्ही सगळे मावतो आणि वर खुर्च्या शिल्लक राहतात.

आमच्याकडे कुणी टपालाची तिकिटं जमवतं, कुणी एखादं आडनाव. जगात जिथे म्हणून ते आडनाव सापडेल तिथला माणूस टिपून ठेवायचा. जन्म, लग्न, मरण, गाव, घर. नातं असो वा नसो. बियाण्यांच्या पेढीत मी चौतीस वर्षं टायपिस्ट होते, लग्नाच्या भानगडीत पडले नाही, तेव्हा हे खूळ मला मानवलं. प्रत्येक माणसाचं एक कार्ड, आणि प्रत्येक घरासाठी भिंतीवरच्या लिंकनशरच्या नकाशात एक टाचणी.

नकाशाकडे पाहिलं की आमचा इतिहास एका नजरेत कळतो. टेकड्या आणि समुद्र यांच्यामध्ये वीस मैलांची दलदलीची पट्टी आहे. आमचं नाव तिथेच रुजलं आणि तिथेच बसून राहिलं. चार घरं नदीपलीकडच्या हल शहरात गेली, दोन भाऊ कॅनडाला गेले, बाकी सगळे चिखल तुडवत जागच्या जागी. १८५१ साली आम्ही दोनशे एकतीस होतो. १९११ साली अठ्ठ्याऐंशी. नावं अशी संपतात, त्यात काही विशेष नाही. मुली लग्न करून नाव टाकतात, मुलं मरतात किंवा बिनलग्नाची राहतात. माझंच पाहा ना.

दर मंगळवारी मी बस पकडून लिंकनच्या दफ्तरखान्यात जात असे. माझा धाकटा भाऊ डेरिक २०१०च्या जानेवारीत गेला, त्याच्या पुढच्या मंगळवारीही गेले. त्याच्या अंत्यविधीत, सँडविच पुरतील का, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता. त्यानंतर मला काही वाटेनासंच झालं. जेवायचे, झोपायचे, कार्डं लिहायचे. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल. मी म्हटलं, लागू दे. मला कुठे घाई होती.

२

आमच्याकडे दर दहा वर्षांनी शिरगणती होते. ठरलेल्या एका रात्री ज्या छपराखाली जो झोपेल, तो त्या घराच्या कागदावर लिहायचा. आधी कुटुंबप्रमुख, मग बायको, मुलं, नोकर, आणि कुणी पाहुणा असेल तर शेवटी पाहुणा. वय काय, जन्म कुठला, तेही लिहायचं. १९११पर्यंतचे कागद आता कुणालाही पाहता येतात. त्यांवरच आमचा सगळा खेळ चालतो.

डेरिक गेला त्या वसंतात मी १८८१चे कागद पुन्हा वाचत होते. आल्फर्डजवळचं एक घर. सुतार जोसेफ हार्कबी, बायको, पाच मुलं. आणि शेवटची ओळ: ॲन हार्कबी, पाहुणी, वय चव्वेचाळीस, अविवाहित. जन्मस्थळाच्या रकान्यात सगळे आपल्या गावाचं नाव सांगतात. तिथे कारकुनाने नुसतं लिहिलं होतं, 'इथेच'.

कारकून कंटाळला असेल, असं मी म्हटलं आणि कार्ड केलं. मग आठवलं की असं एक कार्ड आपण पूर्वीही केलंय. शोधलं तर सापडलं. १८६१, हॉर्नकॅसल, खाटकाचं घर. ॲन हार्कबी, पाहुणी, चव्वेचाळीस, इथेच.

आमचे दफ्तरखान्याचे पर्विस साहेब चष्मा कपाळावर चढवून हसले. "बाई, ॲन नावाच्या बायका त्या काळी पैशाला पासरी. एक आत्या, एक भाची. दोघींना चव्वेचाळिसावं वर्ष लागणारच की कधीतरी."

"आणि 'इथेच'?"

"जगात आळशी कारकून एकच असतो असं वाटतं का तुम्हाला?"

ते मला पटलं. पटलं तरी मी पुढचे दोन महिने तेवढंच शोधत बसले. १८५१पासून १९११पर्यंत सात शिरगणत्या, आणि सातांतही ती होती. दर वेळी एकाच घरात. दोन घरांत कधीही नाही. कारकून सात, हस्ताक्षरं सात, ओळ तीच.

सातवं कार्ड लिहून झाल्यावर मी ती सात घरं नकाशावर पाहिली. ज्या वर्षी ती पाहुणी होती, त्याच्या पुढच्या दहा वर्षांत ते घर मरणाच्या नोंदींत संपलं होतं, एकही हार्कबी न उरता. खून नाही, आग नाही, वर्तमानपत्रात यावं असं काही नाही. सुताराची पाचही मुलं घटसर्पाने गेली. खाटकाचे दोन मुलगे समुद्रावर, तो स्वतः छातीच्या दुखण्याने. त्या काळी माणसं अशीच मरत. शेजारच्या घरांतही मरत. पण शेजारच्या घरांत कुणीतरी एखादं उरत होतं.

काकतालीय न्याय म्हणतात तो हाच, असं मी स्वतःला बजावलं. सात म्हणजे काही फार नाहीत. सातही कार्डं रबर लावून एकत्र ठेवली आणि चहा केला. घाबरायला हवं होतं हे मला कळत होतं. पण घाबरायला आत कुणी जागं असावं लागतं.

३

हार्कबींचा मेळावा भरवायची कल्पना माझीच. उरलेल्या एकोणीस जणांनी एकदा एकमेकांची तोंडं पाहावीत, एवढंच मनात होतं. सर्वांना पत्रं टाकली. शिवाय लाउथच्या साप्ताहिकात चार ओळी दिल्या: 'हार्कबी नावाचं कुणीही असो, न कळवता आलं तरी आपलंच घर समजावं.' ते छापून आल्यावर वाचताना मला आपण जरा वाहवत गेलो असं वाटलं. पण छापलेलं काय पुसता येतं.

तारीख ठरली शनिवार, २६ मार्च २०११. दुसऱ्या दिवशी, रविवारी, शिरगणती होती. ते माझ्या लक्षात होतं, आणि तरी मी तीच तारीख दिली, कारण सभागृह त्याच दिवशी मोकळं होतं.

एकोणीस बिल्ले मी स्वतः लिहिले. दुपारी तीनपर्यंत एकोणीसही उचलले गेले. प्लम ब्रेड, चीज, अंड्याची सँडविचं, चहाची मोठी किटली. डेरिकचा मुलगा रोलंड, त्याची बायको केली आणि त्यांची तीन महिन्यांची आयव्ही आली होती. आयव्ही म्हणजे सगळ्यांत लहान हार्कबी. तिला या हातातून त्या हातात फिरवत होते आणि ती ज्याच्या हातात जाईल त्याच्या कानात बोंबलत होती.

फोटो काढायला सगळ्यांना उभं केलं आणि मोजले. वीस.

पुन्हा मोजले. मग दिसलं, की मागे मोरीशी एक बाई आमच्याकडे पाठ करून कपबश्या विसळत होती. अंगात राखाडी कोट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. बिल्ला नाही.

हलहून आलेले विल्फ्रेड आजोबा माझ्या शेजारी होते. "ती कोण हो?" मी हळूच विचारलं.

"मला काय विचारतेस? तुमच्याकडची ना?"

"नाही. मला वाटलं तुमच्या गाडीतून आली."

"माझ्या गाडीत मी आणि माझं दुखणं, तिसऱ्याला जागा नाही." त्यांनी प्लम ब्रेडवर चीज ठेवलं. "केव्हापासून भांडी घासतेय बिचारी. जा, नाव विचार."

"आता कसं विचारू? मघाशी मीच तिच्या हातात फडकं दिलं."

"मग राहिलंच," विल्फ्रेड आजोबा म्हणाले.

बाहेरच्यांना हे सांगून कळायचं नाही. आमच्यात पहिल्या मिनिटात नाव विचारलं तर विचारलं. तो क्षण टळला, चहा दिला-घेतला, हवापाण्याचं बोलून झालं, की मग नाव विचारणं म्हणजे 'तुझं अस्तित्वच माझ्या ध्यानात आलं नाही' असं तोंडावर सांगणं. जन्मभर शेजाऱ्याचं नाव न कळता त्याला नमस्कार करणारी माणसं आहेत आमच्यात. त्या दिवशी सभागृहात एकोणीस माणसं होती, आणि प्रत्येकाला ती दुसऱ्या कुणाच्या तरी बाजूची वाटत होती.

सात कार्डं मला आठवली. आठवली आणि गेली. ओल्या कपांचा आवाज चालू होता. मी फोटो काढून घेतला, तिला न बोलावता.

४

रविवारी दुपारी दोनला रोलंडचा फोन आला.

"आत्या, एक विचारायचं होतं. काल ती कपबश्या विसळणारी बाई होती ना, तिचं नाव काय गं?"

"का?"

"आमच्याकडे उतरलीय. तिची शेवटची बस चुकली. केली म्हणाली, आपल्याच आडनावाची बाई, थंडीत थांब्यावर उभी कशी ठेवायची. आज रविवार, आज तर बसच नाही. म्हणजे आजची रात्रही इथेच. फॉर्म भरायला बसलोय, पाहुण्यांच्या रकान्यात काय लिहू?"

मी खिडकीपाशी उभी होते. समोरच्या घरातला माणूस गाडी धूत होता.

"तिलाच विचार की," मी म्हटलं.

"विचारलं. लाज सोडून विचारलं. तर म्हणते, 'तुझ्या आत्याला ठाऊक आहे.'"

गाडी धुणाऱ्या माणसाने बादली ओतली आणि आत गेला.

"आत्या?"

"काही लिहू नकोस, रोलंड."

"अगं, खोटा फॉर्म भरला तर दंड आहे."

"लिहू नकोस म्हटलं ना. मी येते. आयव्ही काय करतेय?"

"झोपलीय. तीच तर गंमत. त्या बाईने घेतलं आणि गप्प झाली. कालपासून रडलीच नाही पोरगी."

फोन ठेवला तेव्हा माझे हात थंड होते, पण ते नेहमीच थंड असतात. आपण काय करतोय हे मी नीट मांडून पाहिलं. एक बाई आहे, ती लाजाळू आहे, विक्षिप्त आहे, आपल्या साप्ताहिकातल्या चार ओळी वाचून आली आहे. यात वावगं काही नाही. आणि समजा तसं नसेल, तर ती एका रात्री एकाच घरात लिहिली जाते. रात्र अजून व्हायची होती. रोलंडच्या घरात तीन हार्कबी होते, त्यांतली एक तीन महिन्यांची. माझ्या घरात एक होती, आणि तीही असून नसल्यासारखी. एवढा व्यवहार टायपिस्टलाही कळतो.

गाडीची किल्ली घेतली. कोट घालायला विसरले.

५

रोलंडचं घर लाउथच्या कडेला, नव्या वसाहतीत. केली स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती, रोलंड टेबलाशी फॉर्म घेऊन बसला होता. तिने केस धुतले होते.

"या आत्या. बघा, तीन महिन्यांत पहिल्यांदा माझे दोन्ही हात मोकळे आहेत."

"ती कुठे आहे?"

"वर, आयव्हीजवळ. काय हात आहे हो बाईंचा! नुसतं थोपटलं की पोरगी गप्प. मी म्हटलं, आठवडाभर राहा."

"असं म्हणालीस तू?"

"म्हटलं, मग? तुम्हीच छापलंत ना, आपलंच घर समजा म्हणून," केली हसत म्हणाली.

वरून थोपटण्याचा आवाज येत होता. मऊ, एकसारखा. तान्ह्या बाळाला थोपटताना आपण मध्येच थांबतो, बाळ झोपलं का बघतो, हात बदलतो. तो आवाज थांबत नव्हता. मी जिना चढले तरी त्याची लय बदलली नाही.

ती माडीवर जिन्याच्या तोंडाशी माझ्याकडे पाठ करून उभी होती. कोट तसाच, बटणं गळ्यापर्यंत. तिच्या खांद्यावरून आयव्ही माझ्याकडे पाहत होती. झोपलेली नव्हती ती. डोळे सताड उघडे होते, आणि पापणी लवत नव्हती. त्या नजरेत काहीच नव्हतं. ना भूक, ना राग, ना ओळख. ती नजर मला माहीत होती. गेलं वर्षभर दात घासताना मी रोज सकाळी आरशात ती पाहत होते.

"बाई," मी म्हटलं, "तुम्ही माझ्याकडे चला."

"इथे बरं आहे," ती म्हणाली. आवाज साधा होता, आमच्याच भागातला, दलदलीकडच्या हेलाचा. "लेकरू गुणी आहे."

"बोलावणं माझं होतं. छापून दिलं होतं मी. ज्याने बोलावलं त्याच्याकडे पाहुण्याने आधी उतरावं. नाहीतर मला वाईट वाटेल."

मला वाईट वाटणार नव्हतं. पण असं म्हटल्यावर आमच्यातला कुणीही माणूस नाही म्हणू शकत नाही. थोपटणं थांबलं. खाली केलीची सुरी पाटावर वाजत होती, ती ऐकू आली.

"रीत आहे खरी," ती म्हणाली, आणि वळली.

चेहरा ओळखीचा होता. कुणाचा ते मात्र ठरेना. डेरिकचा म्हणावा तर नाक विल्फ्रेड आजोबांचं, आणि ते म्हणावं तोवर हनुवटी रोलंडची. मी पाहत राहिले असते तर तो पुढे कुणाचा होणार हे मला कळत होतं, म्हणून मी मान खाली घातली आणि हात पुढे केले. तिने आयव्ही माझ्या हातात दिली. पोरीचं अंग बर्फासारखं नव्हतं की काही नव्हतं. कोमट होतं, तिच्या उशीइतकं.

मी तिला केलीकडे दिली. "पाहुणी नेते मी."

"अहो आत्या, पळवताय काय! जेवून तरी जाऊ द्या त्यांना."

"माझ्याकडे जेवतील. रोलंड, पाहुण्यांच्या रकान्यात शून्य लिही. खरंच शून्य. आज रात्री तुमच्याकडे कुणी नाही."

रोलंडने खांदे उडवले आणि शून्य लिहिलं. लिहीपर्यंत मी त्याच्या मागे उभी होते.

गाडीत ती मागे बसली. वीस मिनिटांत मी एकदाही आरशात पाहिलं नाही. टेकडी उतरताना पलीकडे सपाट शेतं आणि त्यांच्यापुढे समुद्राची रेघ दिसते. नकाशात आमच्या टाचण्या आहेत तो सगळा भाग. आता सगळं सुरळीत होईल, असा विचार मी करत होते. मला हलकंसुद्धा वाटत नव्हतं. नको असलेली वस्तू मागणाऱ्याला देऊन टाकावी, तसं ते होतं.

६

घरी आल्यावर मी चहा केला. तिने घेतला नाही. म्हणाली, जरा पडते. मी माझी खोली दाखवली. दुसरी खोली कार्डांनी भरलेली आहे.

मग टेबलाशी बसून फॉर्म भरला. कायम राहणारी माणसं: एक. ग्लेनिस हार्कबी, वय त्रेसष्ट. आज रात्रीचे पाहुणे: एक. ॲन हार्कबी. पाहुण्याचा कायमचा पत्ता विचारला होता, तेव्हा जिन्याखाली उभी राहून मी वर हाक मारली.

"पत्ता काय लिहू?"

"इथलाच," वरून उत्तर आलं.

लिहिलं. पाकीट बंद केलं आणि कोपऱ्यावरच्या लाल पेटीत टाकून आले. मन बदलायला जागा ठेवायची नव्हती. पाकीट आत पडल्याचा आवाज ऐकला, घरी आले, दाराला कडी लावली. चार वाजले होते. ऊन अजून होतं.

तेवढ्यात फोन वाजला.

"आत्या, तू गेलीस आणि पोरगी जी सुटली," रोलंड ओरडूनच बोलत होता. "कालपासूनचं साठवलेलं सगळं एकदम. केलीने कानात बोळे घातलेत. ऐक, ऐक जरा."

त्याने फोन पुढे धरला असावा. आयव्ही रडत होती. जीव खाऊन, मध्ये श्वास अडकेपर्यंत, मग पुन्हा पहिल्यापासून. भूक होती त्यात, संताप होता, कुणीतरी या, आत्ताच्या आत्ता या, असं होतं. मी रिसीव्हर कानाशी दाबला. आणि मला डेरिक आठवला. नुसता आठवला नाही, तो गेला हे मला कळलं. एक वर्ष आणि दोन महिने उशिरा कळलं, पण कळलं. त्याचे बूट, त्याचं खोकणं, पाळण्यात असाच बोंबलणारा तो, आणि त्याला गप्प करायला पुढे केलेली सात वर्षांची मी.

आयव्ही चालायला लागेल ते मला पाहायचं होतं. ती पहिल्यांदा शाळेत जाईल, तेव्हा फाटकाशी उभं राहायचं होतं. डेरिक कसा होता हे तिला माझ्याशिवाय कोण सांगणार? मला जगायचं होतं. दुपारी मी जे देऊन टाकलं, ते आपल्या उपयोगाचं नाही म्हणून दिलं होतं. त्याचं मोल मला आत्ता कळत होतं, आणि पाकीट पेटीत पडलं होतं.

"आत्या? रडतेस का तू?"

"नाही रे. सर्दी."

"पुढच्या रविवारी जेवायला ये. येशील ना? केली म्हणतेय नक्की ये."

"येईन की," मी म्हटलं. फोन ठेवला आणि टेबलावर डोकं टेकून रडले. मोठ्याने रडले. पोटात कळ येईपर्यंत. इतक्या महिन्यांचं सगळं एकदम येत होतं आणि मला ते हवं होतं.

वर पलंग करकरला. माझ्या खोलीचं दार उघडलं. जिन्याच्या वरच्या पायरीवर पाऊल पडलं, आणि मला भीती वाटली. अशी भीती मला जन्मात वाटली नव्हती.

"कोण रडतंय?" तिने वरून विचारलं, अगदी मायेने.

मी दोन्ही हात तोंडावर दाबले. पण रडू थांबेना.